मुभा आणि मालकी

जागेशीं मनुष्याचें नातें तीन प्रकारचें असतें. तो तिचा मालक असतो, किंवा भाडें वा खंड देऊन ती धारण करणारा पट्टेदार असतो, किंवा मालकानें ‘खुशाल वापरा’ म्हटलें एवढ्याच आधारावर तो ती वापरीत असतो. पहिल्या दोन नात्यांविषयीं आपल्याकडे विपुल लेखन झालें आहे. वतन, मिरास, इनाम, कूळ, खंड हे शब्द शाळकरी मुलांच्याही कानांवरून गेलेले असतात. त्यांचे महजर व निवाडे संशोधकांनीं दप्तरांतून उपसून छापले आहेत. तिसऱ्या नात्याच्या वांट्याला असें भाग्य फारसें आलेलें नाहीं. याचें कारण उघड आहे. इतिहास कागदावर जगतो आणि मुभा तोंडच्या शब्दावर जगते. जिचा कागदच झाला नाहीं, तिची बखर कोण लिहिणार?

आणि तरीही आपला रोजचा व्यवहार पाहिला, तर त्याचा केवढा तरी भाग या कागद नसलेल्या नात्यावर उभा आहे असें दिसून येईल. सुगी संपली कीं धनगराचा कळप मोकळ्या शेतांत बसविला जातो. शेताला लेंडीखत मिळतें आणि धनगराला रात्रीच्या निवाऱ्याबरोबर कांहीं धान्य मिळतें. एकाचें खळें दुसरा वापरतो, एकाच्या बांधावरून दुसऱ्याची बैलगाडी जाते, एकाच्या विहिरीवर चार घरें पाणी भरतात. पंढरीची वारी निघाली म्हणजे वाटेवरचीं रानें हजारों अनोळखी माणसांच्या मुक्कामाला मोकळीं होतात. यांत कोणी कोणाला पट्टा लिहून देत नाहीं. आणि चार दिवस वापरावयास मिळालें म्हणून कोणी दुसऱ्याच्या जमिनीवर मालकीही सांगत नाहीं. निदान सांगूं नये, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा केव्हां पुरी होते, केव्हां भंगते, आणि ती भंगली असतां नुकसान कोणाचें होतें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळा आणि त्याच्या आसपासचा मुलूख यांच्याइतकें सोयीचें स्थळ क्वचितच सांपडेल. घाट ही मुळांत जाण्यायेण्याची जागा. भिक्षु, व्यापारी, वंजारी, फौजा, प्रवासी, रेल्वेचे मजूर, हवा खाण्यास आलेले धनिक, असे जे जे येथें आले ते बहुधा दुसऱ्याच्या जागेवर उतरले. कोणी विचारून उतरला, कोणी न विचारतां. कोणी चार दिवसांनीं निघून गेला, कोणी चार पिढ्या राहिला. त्यांतून कोण अखेर हक्काचा धनी झाला आणि कोण उपराच राहिला, हें पाहूं लागलें म्हणजे मुभेचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

आरंभ अर्थातच कार्ल्यापासून केला पाहिजे. खंडाळ्यापासून तीनचार कोसांवर असलेल्या या लेण्यांच्या शिलालेखांत ‘मामाल’ असें ज्या प्रदेशाचें नांव येतें, तेंच आजचें मावळ. क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें वलूरक येथील लेण्यांत पावसाळा घालविणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठीं करजिक नांवाचा गांव दिला, अशी नोंद तेथें कोरलेली आहे. दान कोणा एका भिक्षूला दिलेलें नाहीं. चारी दिशांकडून येणाऱ्या संघाला दिलेलें आहे. आषाढांत येणारा भिक्षु पाऊस सरला कीं निघून जाई. ज्या कोठडींत तो चार महिने निजला ती त्याची नव्हे, आणि पुढच्या वर्षीं तेथें दुसरा कोणी निजला तर त्याची तक्रारही नव्हे. मुभेचें याहून निर्मळ उदाहरण मिळणें कठीण. तथापि ही मुभा केवळ दात्याच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. सातवाहनांनीं नहपानाचा पाडाव केल्यावर याच गांवाविषयीं मावळच्या अमात्याला पाठविलेली आज्ञाही त्याच लेण्यांत कोरलेली आहे. संघाच्या जमिनींत राजपुरुषांनीं प्रवेश करूं नये, तिला हात लावूं नये, असें तींत सांगितलें आहे. म्हणजे दाता गेला, त्याचें राज्य गेलें, नवा राजा आला. परंतु एकदां दिलेला शब्द दगडावर चढलेला असल्यामुळें तो नव्या राजालाही पाळावा लागला. वापरणारा निःसंग होता आणि देणारा बांधलेला होता. पुढच्या अठराशें वर्षांत ही स्थिति कशी उलटी होत गेली तें आतां पाहूं.

मुभा देतांना देणाऱ्यानें किती सावध असावें, याचा विचार मराठी राज्यकर्त्यांनीं मोठ्या बारकाईनें केला होता. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकप्रसंगीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हजर होता आणि राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण अशा ठिकाणीं वखारी घालण्यास कंपनीला त्या वेळीं अनुमति मिळाली. त्यानंतर चाळीसएक वर्षांनीं, १७१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्रांत टोपीकरांविषयीं जो उपदेश आहे तो या विषयाच्या अभ्यासकानें अवश्य वाचावा. हे लोक इतर सावकारांसारखे केवळ व्यापारी नव्हेत. त्यांच्यामागें राज्यें आहेत, आणि हातीं आलेलें स्थळ ते सोडीत नाहींत, हें अमात्यांनीं नेमकें ओळखलें होतें. म्हणून त्यांची शिकवण अशी कीं, वखारीसाठीं जागा द्यावयाचीच झाली तर समुद्रकांठीं किंवा किल्ल्यालगत देऊं नये. अंतरावर, मोठ्या वस्तीच्या नजरेखालीं द्यावी. आणि मजबूत, कायमची इमारत मुळींच बांधूं देऊं नये. त्या अटींवर राहिले तर उत्तम, न राहिले तर त्यांची गरज नाहीं.

या उपदेशांतील मर्म इमारतीच्या अटींत आहे. मालाच्या राशी उचलून नेतां येतात, तंबू गुंडाळतां येतो, गवताचें छप्पर चार पावसाळ्यांत आपोआप खालीं येतें. पण चुन्याची भिंत एकदां उभी राहिली कीं ती स्वतःच दस्तऐवज होऊन बसते. परवानगी मागून आलेला पाहुणा भिंत बांधतो, भिंतीमागें शिपाई ठेवतो, आणि मग परवानगी कोणी कोणाला दिली होती याचा निवाडा तोफा करतात. सुरतेस बादशाही फर्मानानें सुरूं झालेल्या व्यापाराचा शेवट १८१७ सालीं शनिवारवाड्यावर निशाण चढण्यांत झाला. अमात्यांचा इशारा योग्य होता. पण तो इशारा बलवान पाहुण्याविषयीं होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढें तीच अट दुर्बळ पाहुण्यावर लादलेली आपल्याला आढळणार आहे.

राज्य बदललें तेव्हां दक्षिणेंतील जमिनीची व्यवस्था काय होती, हें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ च्या आपल्या अहवालांत वर्णिलें आहे. गांवांत कसणारांचे मुख्य दोन वर्ग होते. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा; तो जमीन विकूं शके, गहाण टाकूं शके, आणि गांवच्या मानपानांत त्याला स्थान असे. उपरी मात्र नांवाप्रमाणेंच उपरा. ठरेल त्या बोलीवर तो कसावयाचा, आणि बोली संपली कीं त्याचा संबंध संपला. प्रत्यक्षांत मनुष्यबळ कमी आणि पडीक जमीन फार, अशा काळांत उपऱ्याला कोणी सहसा हांकलून देत नसे; उलट त्याला कौल देऊन बोलावून आणावें लागे. पण त्याचें राहणें गरजेवर होतें, हक्कावर नव्हतें. पुढें १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी जमीनमोजणी आरंभिली, तिनें हा भेद पुष्कळसा पुसून टाकला. ज्याच्या नांवावर सर्व्हे नंबर लागला तो सारा भरीपर्यंत जमिनीवरून हलणार नाहीं असें ठरलें, मग तो पूर्वीचा मिरासदार असो कीं उपरी असो. एका नोंदवहीनें हजारों उपऱ्यांची मुभा हक्कांत बदलली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच नोंदवहीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याचें नांव तींत चढलें तो तरला. जो नांव चढलेल्याच्या बांधाला खोपट घालून राहत होता, त्याच्या घरीं मजुरी करीत होता, किंवा रानांत आज येथें उद्यां तेथें हिंडत होता, तो वहीच्या बाहेरच राहिला. पूर्वीं सर्वच व्यवहार अर्धे तोंडी असल्यामुळें त्याचें उणेपण डोळ्यांत भरत नसे. आतां बाकी सर्वांजवळ कागद आला आणि त्याच्याजवळ तो नाहीं, हें उघडें पडलें.

खंडाळ्याचें आधुनिक आयुष्य याच सुमारास सुरूं होतें. १८३० सालीं सर जॉन माल्कम गव्हर्नर असतांना बोरघाटांतून चाकांच्या गाड्यांसाठीं रस्ता खुला झाला आणि मुंबई-पुण्याची रहदारी वाढली. अशा रस्त्यांवर सरकारनें प्रवाशांसाठीं जे डाकबंगले ठेवले, त्यांचा सर्वसाधारण नियम मोठा मासलेवाईक होता. प्रवाशानें ठराविक आकार द्यावा, रात्र काढावी; आणि चोवीस तास झाल्यावर दुसरा प्रवासी दाराशीं आला तर खोली रिकामी करावी. पैसे घेतले म्हणून भाडेकरू झाला असें नाहीं; कुलूप लावलें म्हणून ताबा मिळाला असें नाहीं. ही मुभा नीट लिहिलेली होती, भिंतीवर टांगलेली होती, म्हणून तिच्यावरून भांडण होण्याचें कारण नव्हतें.

रेल्वे आली आणि व्यवहाराचें प्रमाण बदललें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीशीं १८४९ सालीं झालेल्या करारानें लोहमार्गाला लागणारी जमीन तिला नव्याण्णव वर्षांच्या मुदतीनें बिनमोल मिळाली. बोरघाटाचें काम १८५६ सालीं सुरूं झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे, दऱ्यांवरील पूल, आणि ऐन भरांत चाळीस हजारांहून अधिक मजूर, असा हा अवाढव्य खटाटोप होता. या मजुरांच्या झोंपड्या घाटाच्या अंगावर जेथें जागा मिळेल तेथें उभ्या होत्या. पटकीच्या सांथींत त्यांतल्या कित्येक ओस पडल्या. काम संपलें तेव्हां कंपनीजवळ नव्याण्णव वर्षांचा करार होता आणि मजुराजवळ पाठीवरचें बोचकें होतें. दोघेही त्याच डोंगरावर सात वर्षें राबले होते.

पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं टाटांच्या जलविद्युत् योजनेनें लोणावळ्याच्या आसपासचीं खोरीं पाण्याखालीं घेतलीं. १९११ सालीं कामाचा पाया घातला गेला आणि १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईला वीज मिळूं लागली. जवळच्याच मुळशी खोऱ्यांत अशाच धरणाचा बेत झाला तेव्हां मात्र मावळे उठले. जमिनी रीतसर संपादन होण्यापूर्वींच शेतांत चाचणीचे चर खणले गेले, याचा लोकांना विशेष राग आला. १९२१ च्या रामनवमीस सुरूं झालेल्या आणि सेनापति बापट यांच्या नांवानें अमर झालेल्या त्या सत्याग्रहाची हकीगत सर्वश्रुत आहे. आपल्या विषयापुरतें त्यांतून एवढेंच घ्यावयाचें कीं, मुभा न मागतां उचललेली एक कुदळ धनी मनुष्याला किती झोंबते. विचारणें हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. जमीन तुझी आहे, हें मान्य करण्याची ती एक रीत आहे.

रेल्वेनें खंडाळ्याला दुसरी एक गोष्ट आणली, ती म्हणजे मुंबईकरांचे बंगले. उन्हाळ्यांत व हवापालटासाठीं मुंबईचीं सधन कुटुंबें येथें येऊं लागलीं; हळूहळू घाटमाथ्यावर ऐसपैस आवारांचे, ओसऱ्यांचे बंगले उभे राहिले. वर्षांतून महिना-दीड महिना उघडणारा हा बंगला उरलेले दिवस मुभेवर चालतो. धन्याचा स्नेही चार दिवस येऊन राहतो. नात्यांतली आजारी सून हवेसाठीं पाठविली जाते. आणि मागच्या आवारांतल्या दोन खोल्यांत माळी व त्याचें कुटुंब बारा महिने असतें. पाहुण्याची मुभा सोपी आहे, कारण त्याचें घर अन्यत्र आहे. माळ्याची मुभा अवघड आहे. त्याचीं मुलें तेथें जन्मलीं. झाडें त्यानें लावलीं. पावसाळ्यांत उडालेलीं कौलें त्यानें शाकारलीं. बंगला ज्यांचा, त्यांना कित्येकदां झाडांचीं नांवेंही ठाऊक नसतात. एके दिवशीं बंगला विकला जातो, आणि मग माळ्याचें तेथें काय, हा प्रश्न उभा राहतो.

कायदा याचें उत्तर काय देतो? हिंदुस्थानांत मुभेची व्याख्या प्रथम १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें केली. मुंबई इलाख्याला तो १८९१ सालीं लागू झाला. त्याच्या मागें इंग्रजी न्यायालयांचा दोन शतकांचा विचार होता. सतराव्या शतकांतच न्यायमूर्ति व्हॉन यांनीं असें सांगून ठेवलें होतें कीं, मुभेनें मालमत्तेंतला कसलाही वांटा मिळत नाहीं. जें कृत्य एरव्हीं बेकायदा ठरलें असतें तें केवळ कायदेशीर होतें. १८४५ सालीं तर डॉंकास्टरच्या घोड्यांच्या शर्यतींस तिकीट काढून गेलेल्या एका गृहस्थाला हात धरून बाहेर घालविलें, तरी न्यायालयानें त्याला दाद दिली नाहीं. दिलेली मुभा परत घेतां येते, पैसे घेतले असले तरी येते, असा निकाल झाला. आपल्या कायद्यानें हा कठोरपणा कांहींसा सौम्य केला. मुभा शब्दानें देतां येते तशी वागणुकीनेंही देतां येते. ती मागें घेतली तर जागा सोडण्यास व चीजवस्तु हलविण्यास वाजवी वेळ दिला पाहिजे. मोबदला घेऊन दिलेली मुभा अकारण मोडली तर भरपाई दिली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मुभेच्या भरंवशावर एखाद्यानें स्वतःच्या खर्चानें कायम स्वरूपाचें बांधकाम केलें असेल, तर ती मुभा मागें घेतां येत नाहीं.

पण याच कायद्यांत दुसरीही दोन कलमें आहेत. मुभा ही सामान्यतः दुसऱ्याला देऊन टाकतां येत नाहीं. आणि मालकानें जागा विकली तर नवा मालक जुन्याच्या मुभेनें बांधलेला राहत नाहीं. कार्ल्याच्या शिळेवरचा शब्द नव्या राजाला बांधीत होता. १८८२ च्या कायद्यांतला शब्द नव्या खरेदीदाराला बांधीत नाहीं. माळी, रखवालदार किंवा नोकर यांच्याबाबत तर सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं, गोव्यांतील एका घरावरून बहीणभावांत झालेल्या वादांत, स्पष्टच सांगितलें कीं, दुसऱ्याच्या वतीनें जागा सांभाळणाऱ्याला कितीही वर्षें लोटलीं तरी तींत हक्क उत्पन्न होत नाहीं. मालकाच्या बाजूनें पाहिलें तर हा निर्णय न्याय्यच आहे. विश्वासानें सोंपविलेलें घर गिळंकृत होऊं लागलें तर कोणी कोणाला निवारा देणार नाहीं. परंतु माळ्याला ही गोष्ट कामावर ठेवतांना कोणी सांगितली होती काय?

या विषयाचा सर्वांत विलक्षण अध्याय खंडाळ्याच्या बंगल्यांत नव्हे, तर त्या बंगलेवाल्यांच्या मुंबईंतील घरांत घडला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत जागेची टंचाई झाली आणि १९१८ पासून भाडेनियंत्रणाचे कायदे होऊं लागले. १९४७ च्या कायद्यानें भाडें जवळजवळ गोठविलें आणि भाडेकरूला घराबाहेर काढणें दुरापास्त केलें. भाडेकरूला हें वरदान होतें, पण त्याचा परिणाम असा झाला कीं, जागा भाड्यानें देणें म्हणजे ती गमावणें असें मालक मानूं लागले. मग युक्ति निघाली. भाडें घ्यावयाचें, पण त्याला भाडें म्हणावयाचें नाहीं. पट्टा द्यावयाचा, पण त्याला मुभा म्हणावयाचें. ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा शब्दप्रयोग आणि अकरा महिन्यांचा करार मराठी घरांत मुंजीच्या आमंत्रणाइतका परिचित झाला तो यांतून. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलांतील केशकर्तनालयाच्या जागेवरून १९५९ सालीं निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, कागदाच्या मथळ्यावर कांहीं अवलंबून नाहीं. उभयतांचा खरा हेतु काय होता तें पाहिलें पाहिजे. आणि ‘लायसन्स’ म्हणून लिहिलेला तो कागद पट्टाच ठरविला. तरी युक्ति चालतच राहिली. अखेर १९७३ सालीं महाराष्ट्र शासनानें कायदा दुरुस्त केला आणि त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस लायसन्सवर जागेंत असलेल्या लोकांना एका फटक्यानें भाडेकरू ठरविलें. ज्यांनीं खोटी मुभा दिली होती त्यांची फसगत झाली यांत नवल नाहीं. पण ज्यांनीं खरोखरच अडल्यानडल्याला थोड्या दिवसांसाठीं खोली दिली होती, तेही त्यांच्याबरोबर भरडले गेले. शब्दाचा खोटा उपयोग एकदां रूढ झाला कीं खरें बोलणाराचाही शब्द खोटा पडतो. पुढें ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या भाडेनियंत्रणाच्या नव्या कायद्यानें करार लेखी व नोंदलेला असावा असें ठरविलें. मुदत संपतांच मालकाला ताबा मिळावा अशी सोय केली. आणि करार नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकून, तसा न केल्यास अटींविषयीं जागेंत राहणाराचें म्हणणें ग्राह्य धरावें असेंही म्हटलें. या दीर्घ लपंडावानंतर आपण शेवटीं कागदापाशीं आलों.

हा झाला शहरी, शिकलेल्या माणसांचा मामला. दोन्ही पक्षांना कायदा कळतो, दोघांनाही वकील मिळतो. आतां खंडाळ्याच्या कड्यावरून खालीं पाहूं. घाटाच्या पायथ्याला, खालापूर-कर्जतच्या बाजूस, आणि वर मावळांतही, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पूर्वीं हे लोक रानांत फिरत, कात करीत. पुढें जंगलावर सरकारी निर्बंध आले तेव्हां ते कोळशाच्या भट्ट्यांवर, भाताच्या खाचरांवर आणि वीटभट्ट्यांवर मजुरीला लागले. जमीनदाराला मजूर जवळ हवा होता. त्यानें आपल्या माळरानाच्या कोपऱ्यावर खोपटें घालूं दिलीं. तोंडचा शब्द, तोही अनेकदां आजोबांनीं आजोबांना दिलेला. गांवठाणाची नोंद नाहीं, घराचा उतारा नाहीं. १९४८ च्या कुळकायद्यानें शेतमजुरांच्या व कारागिरांच्या राहत्या घरांना संरक्षण दिलें आणि घराखालची जागा विकत घेण्याची वाटही ठेवली. पण ज्याला आपण कोणत्या कलमांत बसतों हेंच ठाऊक नाहीं, त्याला त्या वाटेचा उपयोग काय? २००२ सालीं पुणें-मुंबई द्रुतगति मार्ग पुरा झाला, घाटाखालच्या माळांना सोन्याचें मोल आलें, आणि जागा नव्या खरेदीदारांच्या हातीं गेल्या. त्यांनीं प्रथम काय केलें असेल तर तारेचें कुंपण घातलें. कित्येक वाड्या या कुंपणांच्या आंत किंवा कडेला सांपडल्या. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांनीं कातकरी वाड्यांच्या या बेदखलीचा केलेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना हा प्रश्न मुळांतून समजून घ्यावयाचा असेल त्यांनीं तो पाहावा.

येथें अमात्यांची ती जुनी अट पुन्हां आठवते. कायम बांधकाम केलेल्याची मुभा मागें घेतां येत नाहीं, असें १८८२ चा कायदा म्हणतो. पण कातकऱ्याचें घर कारवीच्या कुडाचें आणि गवताच्या शाकाराचें. पक्की भिंत घालण्यास त्याच्याजवळ पैसा नव्हता. आणि जेव्हां कांहीं थोडा जमला, किंवा सरकारी योजनेंतून घरकूल मंजूर झालें, तेव्हां जागा कोणाची हा प्रश्न आडवा आला. बलवान टोपीकराविरुद्ध सुचविलेली सावधगिरी येथें अशा माणसाविरुद्ध वापरली गेली कीं, ज्याच्यामागें कोणतेंच राज्य नाहीं. कायद्याची करुणा चुन्याविटांना आहे, चार पिढ्यांच्या राहण्याला नाहीं. ज्याला भिंत बांधण्याची ऐपत होती तो मुभेवरून मालकीवर गेला. ज्याला ती नव्हती तो शंभर वर्षांनींही कालचाच पाहुणा आहे. कंपनीच्या वखारीपासून कातकऱ्याच्या खोपटापर्यंत मुभेच्या इतिहासाचें हेंच सार निघतें.

यावर कोणी म्हणेल, मग मुभाच देऊं नये. कुंपण घालावें आणि फाटकावर पाटी लावावी. हा उपाय सोपा आहे, आणि घाटमाथ्यावर हल्लीं तोच जास्त दिसतो. पण त्यानें समाज दरिद्री होतो. प्रत्येक वाटेला पट्टा आणि प्रत्येक विहिरीला दर लागला, तर जगणें अशक्य होईल; आणि ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याला तर उभें राहण्यासही ठिकाण उरणार नाहीं. मुभा हवीच. फक्त तिच्यांतला अंधार नको. आपण मध्यमवर्गीय लोक भाडेकरूशीं करार करतांना मुद्रांक, साक्षीदार, नोंदणी सगळें कांटेकोर करतों. पण शेतावरचा गडी, बंगल्यावरचा माळी, मागच्या आवारांत राहणारी मोलकरीण यांच्याशीं मात्र ‘राहा खुशाल, तुम्ही घरचेच’ एवढ्यावर भागवितों. हें बोलणें गोड आहे, पण त्याचा अर्थ दोन बाजूंना दोन लागतो. धनी समजतो, केव्हांही उठवितां येईल. ऐकणारा समजतो, कधींच उठवणार नाहींत. दोघेही प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच पुढच्या पिढींत त्यांचीं मुलें न्यायालयांत समोरासमोर उभीं राहतात.

याला उतारा एक कागद आहे. जागा कोणती, कशासाठीं दिली, काम सुटलें तर किती महिन्यांची सवड मिळेल, लावलेल्या झाडांचें व घातलेल्या छपराचें काय होईल, जागा विकली तर घेणारावर कोणती अट घातली जाईल, एवढ्या चार गोष्टी साध्या मराठींत लिहून त्याची एक प्रत त्या माणसाच्या हातीं द्यावी. त्यानें मालकाची मालकी पक्की होते हें खरें. पण त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, दुसऱ्याला आपण कोठें उभे आहोंत हें कळतें, आणि वेळेवर आपली सोय पाहतां येते. जेथें तीनचार पिढ्या वस्ती झालेली आहे तेथें तर कागदानेंही भागणार नाहीं. ती घराखालची जागा मोजून त्या कुटुंबाच्या नांवें करून देणें, किंवा गांवठाणांत घालून घेणें, हाच सरळ मार्ग आहे आणि कायद्यांत त्याला आधारही आहे. वलूरकच्या भिक्षूंनीं उषवदातापाशीं शिलालेख मागितला होता असें कोठें म्हटलेलें नाहीं. मागण्याचें बळ त्यांच्याजवळ नव्हतें. लिहून ठेवण्याचें बळ देणाराजवळ होतें, आणि त्यानें तें वापरलें. खंडाळ्याच्या आवारांत आणि घाटाखालच्या माळांवर आज ज्यांच्या हातीं सातबारा आहे, त्यांच्याकडून याहून अधिक कांहीं मागावयाचें नाहीं.